बंडी म्हणजे आठ कार

कापसाच्या सीझनमधे राज्यमार्गाच्या कडेला खुर्च्या टाकून दोन पोरं कागदावर रेघा मारत बसली की लोक विचारतात, काहून बा, टोल लागते का इथं? टोल नाही, ती वाहनांची गणती असते. कोणता रस्ता रुंद करायचा अन् कोणता नुसतं डांबर टाकून सोडायचा हे बांधकाम खातं (निदान कागदावर तरी) त्यावरून ठरवतं. नियम असा की वर्षातून दोनदा, सलग 7 दिवस, 24 तास मोजायचं, एकदा माल बाजारात जातो तेव्हा अन् एकदा सामसूम असताना. वरुड-मोर्शीचा रस्ता संत्र्याच्या हंगामात पाहा अन् भर पावसाळ्यात पाहा, म्हणजे दोनदा काहून ते कळेल.

पण सगळ्या गाड्या सारख्या धरत नाहीत. कार 1, मोटरसायकल अर्धी, ट्रक किंवा एसटी 3, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार आणि आपली बैलबंडी चक्क 8, लहान असली तर 6! हळू चालते, मागं सगळी लाईन लागते म्हणून. अशी बेरीज करून सपाट भागात एकपदरी रस्त्याला दिवसाला 2000 अन् दुपदरीला 15000 झेपतात असं धरतात, त्यावर गेलं की रुंदीकरणाचा प्रस्ताव. मंजूर कधी होतो ते सोडा.

आता जिथं रस्ताच नाही तिथं गाड्या कुठून मोजणार? मेळघाटातल्या एखाद्या पाड्यावर गणती शून्यच येणार. म्हणून अंतराचाही हिशोब लागतो, आणि तो आपल्या नागपुरातच मांडला गेला, 1943 ला देशभरातले चीफ इंजिनियर इथं जमले अन् शेतीच्या भागातलं कोणतंच गाव मुख्य रस्त्यापासून 5 मैलांपेक्षा लांब नको असं ठरवलं.

रस्ता किती जाड बांधायचा याचं गणित मात्र उलटं. तिथं बंडीला कोणी विचारत नाही, कारलाही नाही, फक्त जड गाड्यांच्या एक्सलवर (चाकं जोडणाऱ्या दांड्यावर) किती वजन ते पाहतात. अमेरिकेत 1958 ते 1960 मधे मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवले, तेव्हा दिसलं की एक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान जवळपास 16 पट होतं. वणीकडचे कोळशाचे ट्रक आठवा, अन् खाली आपली काळी माती, पाण्यानं फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. तिचा नमुना कोरडा तपासला तर भारीच मजबूत निघेल, म्हणून लॅबमधे तो आधी 4 दिवस पाण्यात बुडवून ठेवतात अन् मग दाबून पाहतात.