पोलीस गोळीबार, वंश आणि वृत्तमाध्यमे (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

पोलिसांच्या गोळीने होणाऱ्या मृत्यूंत मृताच्या वंशाचा संबंध कितपत असतो आणि अशा मृत्यूंपैकी मोजक्यांचीच देशभर चर्चा का होते, या दोन प्रश्नांवरून अमेरिकेत चालू असलेला सार्वजनिक वाद. पहिला प्रश्न मोजणीचा आहे, दुसरा बातमीचा. मोजणीच बऱ्याच अंशी बातम्यांवरून होत आल्यामुळे दोन्हींची गुंतागुंत झाली आहे. वादाची सुरुवात २०१४ साली मिसूरीतील फर्ग्युसन येथे मायकेल ब्राउन हा तरुण पोलिसांच्या गोळीने मेला त्या घटनेपासून सांगण्याची पद्धत आहे, पण ती सोयीची असली तरी अपुरी आहे. निदान १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हे दोन्ही प्रश्न आजच्याच स्वरूपात विचारले जात होते.

संज्ञा : अमेरिकी पोलीस खात्यांत ‘ऑफिसर-इन्व्हॉल्व्ड शूटिंग’ (अधिकाऱ्याचा संबंध असलेला गोळीबार) असा शब्दप्रयोग रूढ आहे. तो बहुधा १९७० च्या दशकात लॉस अँजेलिस पोलिसांच्या कागदपत्रांतून पसरला असावा. गोळी कोणी झाडली हे त्यात सांगितलेले नसते, म्हणून पत्रकारांनी तो वापरू नये असा आग्रह अलीकडे धरला जातो. मराठी वृत्तपत्रांतील ‘चकमक’ हा शब्द येथे वापरणे योग्य नाही. मुंबईच्या संदर्भात त्याला वेगळा आणि पुरता संशयास्पद अर्थ चिकटला आहे. ‘वर्ण’ म्हटले की चातुर्वर्ण्याची छाया पडते, म्हणून या नोंदीत ‘वंश’ हा शब्द घेतला आहे. मात्र जीवशास्त्रीय वंश असा अर्थ त्यातून घेऊ नये. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जून २०२० पासून ‘ब्लॅक’ हा शब्द मोठ्या अक्षराने लिहायचे ठरवले आणि पुढच्याच महिन्यात ‘व्हाइट’ लहान अक्षरानेच ठेवला, यावरही बराच वाद झाला. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने मराठी लेखकाची त्यातून सुटका झाली आहे.

पूर्वेतिहास : माध्यमांच्या असमान लक्षाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अभ्यासकांच्या मते तीन विद्यापीठांच्या आवारांतले आहे. दक्षिण कॅरोलायनातील ऑरेंजबर्ग येथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नाकारणाऱ्या बोलिंग क्रीडागृहाविरुद्ध विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. ८ फेब्रुवारी १९६८ च्या रात्री राज्याच्या महामार्ग पोलिसांनी साउथ कॅरोलायना स्टेट महाविद्यालयाच्या आवारातील जमावावर गोळीबार केला. तीन कृष्णवर्णीय तरुण मरण पावले आणि सुमारे २८ जखमी झाले. बहुतेकांना गोळ्या पाठीत किंवा कुशीत लागल्या होत्या. असोसिएटेड प्रेसच्या पहिल्या वृत्तात मात्र दोन्ही बाजूंनी गोळीबार झाल्याचे म्हटले होते. विद्यार्थ्यांकडून गोळीबार झाल्याचा पुरावा पुढे मिळाला नाही, तरी पहिले वृत्त पुसले गेले नाही. गव्हर्नर रॉबर्ट मॅकनेअर यांनी दुसऱ्याच दिवशी ‘ब्लॅक पॉवर’वाल्यांवर ठपका ठेवला. खटला चाललेले नऊही पोलीस १९६९ मध्ये निर्दोष सुटले. शिक्षा झाली ती क्लीव्हलंड सेलर्स या एकट्या कार्यकर्त्याला, दंगलीच्या आरोपाखाली. त्याला १९९३ मध्ये माफी मिळाली.

४ मे १९७० रोजी ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाच्या जवानांनी १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. चार गोरे विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. मृतदेहाशेजारी गुडघे टेकून आकांत करणाऱ्या मुलीचे जॉन फिलो यांनी टिपलेले छायाचित्र जगभर छापले गेले आणि त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. यानंतर अवघ्या दहा-अकरा दिवसांनी, १४-१५ मेच्या मध्यरात्री, मिसिसिपीतील जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात शहर व राज्य पोलिसांनी मुलींच्या वसतिगृहाच्या दिशेने सुमारे २८ सेकंद गोळीबार केला. दोघे मेले, बारा जखमी झाले. अलेक्झांडर हॉलच्या भिंतीवर आणि खिडक्यांवर गोळ्यांच्या चारशेहून अधिक खुणा आढळल्या. अध्यक्ष निक्सन यांनी नेमलेल्या स्क्रॅन्टन आयोगाने दोन्ही गोळीबार असमर्थनीय ठरवले. असे असूनही अमेरिकी शालेय इतिहासात केंट स्टेटचे नाव हमखास येते, जॅक्सनचे क्वचित, ऑरेंजबर्गचे त्याहून क्वचित.

याची कारणे सांगताना मतभेद आहेत. ऑरेंजबर्गची घटना रात्रीची, तिची दूरचित्रवाणीवर दाखवण्याजोगी चित्रफीत नाही, आणि त्याच दिवसांत व्हिएतनाममधील टेट आक्रमणाच्या बातम्यांनी पहिली पाने भरलेली, असे एक स्पष्टीकरण आहे. ते जॅक्सनला लागू पडत नाही, कारण तोवर आवारांतील गोळीबार हाच देशाचा मुख्य विषय झाला होता. मृतांचा वंश हेच मुख्य कारण मानणारे दुसरे मत त्यामुळे अधिक पटते. या मताला एक सरकारी आधारही आहे. न्यूअर्क व डेट्रॉइट येथील १९६७ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या कर्नर आयोगाचा अहवाल ऑरेंजबर्गनंतर तीनच आठवड्यांनी प्रसिद्ध झाला. त्यातील वृत्तमाध्यमांवरील प्रकरणात, अमेरिकी पत्रसृष्टी गोऱ्यांच्या जगात बसून गोऱ्यांच्याच नजरेने पाहत आली आहे, असा निष्कर्ष आहे. संपादकीय कामावरील कृष्णवर्णीयांचे प्रमाण तेव्हा पाच टक्क्यांहून कमी होते.

मुख्य प्रवाहातील पत्रे लक्ष देत नाहीत म्हणून स्वतःचे पत्र काढणे, हा मार्ग कृष्णवर्णीय संघटनांनी अनेकदा पत्करला. ऑक्टोबर १९६६ मध्ये ऑकलंड येथे ह्यूई न्यूटन व बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला. पोलिसांच्या गस्तीवर नजर ठेवणे हे त्याचे सुरुवातीचे काम. एप्रिल १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील रिचमंड येथे डेन्झिल डाउवेल हा २२ वर्षांचा तरुण पोलिसांच्या गोळीने मेला. पोलिसांनी सांगितलेली गोळ्यांची संख्या आणि वस्तीतल्या लोकांनी ऐकलेले आवाज जुळत नव्हते. त्याच महिन्यात निघालेल्या द ब्लॅक पँथर या पत्राच्या चारपानी, सायक्लोस्टाइल पद्धतीच्या पहिल्या अंकात ‘डेन्झिल डाउवेल का मारला गेला?’ हाच मथळा होता. मुंबईत १९७२ साली नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदींनी दलित पँथर स्थापन केली, तेव्हा नाव घेतले ते याच पक्षाचे. सायक्लोस्टाइलवर अंक काढण्याची सवय त्या पिढीच्या मराठी लघुनियतकालिकांनाही होती.

मोजणी : देशात सुमारे १८,००० पोलीस यंत्रणा आहेत आणि त्यांच्यावर एकच वरिष्ठ खाते नाही. हा मुद्दा भारतीय वाचकाने ध्यानात ठेवावा. नाहीतर पुढचा गोंधळ अविश्वसनीय वाटेल. पोलिसांनी किती माणसे मारली याचा विश्वासार्ह राष्ट्रीय आकडा २०१५ पर्यंत उपलब्धच नव्हता. एफबीआयकडे ‘समर्थनीय मनुष्यवध’ या सदरात वर्षाला सुमारे चारशे मृत्यू येत, परंतु माहिती देणे ऐच्छिक होते. न्याय विभागाच्या सांख्यिकी कार्यालयाने २००३ पासून अटकेशी संबंधित मृत्यूंची नोंद सुरू केली. ती निम्मेच मृत्यू टिपते असे दिसल्यावर २०१४ मध्ये थांबवली.

तिसरा स्रोत मृत्यू दाखल्यांचा. दाखल्यावर इजा कशी झाली हे लिहिण्यासाठी एक ओळ असते. तिथे वैद्यकीय तपासनिसाने केवळ ‘बंदुकीची गोळी’ असे लिहून पोलिसांचा उल्लेख गाळला, तर तो मृत्यू ‘कायदेशीर हस्तक्षेप’ या वर्गात (आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातील संकेतांक वाय ३५) न जाता सामान्य खुनांत जमा होतो. १९८० ते २०१८ या काळातील दाखल्यांची पडताळणी द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. पोलिसी बळाने झालेल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ५५ टक्के, या वर्गात आलेच नव्हते, असा तिचा अंदाज आहे.

ही पोकळी आधी एकट्यादुकट्याने आणि मग वृत्तपत्रांनी भरली. ब्रायन बरगार्ट या पत्रकाराने २००० पासूनचे मृत्यू एकत्र करणारा ‘फेटल एन्काउंटर्स’ हा प्रकल्प सुरू केला. द गार्डियनने २०१५ व २०१६ या दोन वर्षांत सर्व प्रकारच्या पोलिसी मृत्यूंची गणना केली. द वॉशिंग्टन पोस्टने १ जानेवारी २०१५ पासून फक्त कर्तव्यावरील पोलिसांच्या जीवघेण्या गोळीबारांची नोंद ठेवली. तिला २०१६ चे पुलित्झर मिळाले. दरवर्षी सुमारे एक हजार, म्हणजे एफबीआयच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त मृत्यू निघाले. एफबीआयचे तत्कालीन संचालक जेम्स कोमी यांनी ही स्थिती लाजिरवाणी असल्याची जाहीर कबुली दिली. जॉर्ज फ्लॉइड (मे २०२०) यांच्यासारखे गळा वा मान दाबून झालेले मृत्यू पोस्टच्या यादीत बसत नाहीत, हे तिचे आकडे उद्धृत करणारे पुष्कळदा विसरतात.

या याद्या स्थानिक बातम्या, पोलिसांची पत्रके आणि समाजमाध्यमे यांवरून बनल्या. तेव्हा जवळजवळ प्रत्येक मृत्यूची निदान एक बातमी, बहुधा चार ओळींची आणि पोलिसांच्याच शब्दांतली, छापून आलेली असते. माध्यमे दखलच घेत नाहीत ही तक्रार म्हणून शब्दशः खरी नाही. फरक पडतो तो दुसऱ्या दिवसाच्या, म्हणजे पाठपुराव्याच्या, बातमीत.

वंशाचे प्रमाण : पोस्टच्या यादीतील मृतांपैकी संख्येने सर्वाधिक गोरे आहेत. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिल्यास कृष्णवर्णीयांचा मृत्युदर गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक भरतो. लोकसंख्येत ते सुमारे १३-१४ टक्के आणि मृतांत सुमारे चतुर्थांश आहेत. ही दोन्ही विधाने खरी आहेत आणि दोन्ही पक्ष आपापले विधान पुढे करतात. खरा वाद छेद कोणता घ्यावा याचा आहे : एकूण लोकसंख्या, पोलिसांशी गाठ पडलेले लोक, की हिंसक गुन्ह्यांत अटक झालेले? अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांना २०१६ मधील निबंधात ह्यूस्टनच्या नोंदींत गोळीबाराबाबत वंशभेद आढळला नाही. ढकलणे, बेड्या घालणे, पिस्तूल रोखणे अशा खालच्या पातळीवरच्या बळाबाबत मात्र तो ठळकपणे आढळला. नॉक्स, लो व मुमोलो यांनी २०२० मध्ये यावर पद्धतीचा आक्षेप घेतला. कोणाला अडवायचे इथेच पक्षपात असेल, तर अडवलेल्यांच्या नोंदी तपासून तो दिसणार नाही, उलट झाकला जाईल. प्रस्तुत नोंदकाराला हा आक्षेप वजनदार वाटतो. गोरे पोलीस अल्पसंख्याकांना अधिक प्रमाणात मारत नाहीत असे सांगणारा २०१९ चा एक बहुचर्चित निबंध त्याच्याच लेखकांनी जुलै २०२० मध्ये मागे घेतला. एडवर्ड्स, ली व एस्पोझिटो (२०१९) यांच्या अंदाजानुसार हजारातील सुमारे एका कृष्णवर्णीय पुरुषाला पोलिसांच्या हातून मृत्यू येण्याचा संभव असतो. गोऱ्या पुरुषाच्या तो सुमारे अडीचपट आहे.

कायदा : टेनेसी वि. गार्नर (१९८५) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, धोकादायक नसलेल्या पळत्या संशयितावर गोळी झाडणे घटनाबाह्य ठरवले. मेम्फिस येथे कुंपणावर चढत असताना डोक्यात मागून गोळी लागलेला तो मुलगा १५ वर्षांचा व निःशस्त्र होता. चोरीचा माल म्हणजे एक पर्स आणि दहा डॉलर. ग्रॅहॅम वि. कॉनर (१९८९) पासून कसोटी ‘त्या क्षणी समंजस पोलिसाला काय वाटले असते’ ही आहे.

दुसऱ्या दिवसाची बातमी : मिसूरीतील फर्ग्युसन येथे ९ ऑगस्ट २०१४ रोजी मायकेल ब्राउन या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला गोऱ्या पोलिसाने गोळ्या घातल्या. मृतदेह सुमारे चार तास उन्हात रस्त्यावर पडून होता, लोक जमले, आणि बातमी पुढे चालू राहिली. न्याय विभागाने ४ मार्च २०१५ रोजी एकाच दिवशी दोन अहवाल दिले. संबंधित पोलिसावर खटला भरण्याइतका पुरावा नाही, असे एकात म्हटले होते. फर्ग्युसनचे पोलीस खाते कृष्णवर्णीयांशी पद्धतशीर पक्षपात करते, असे दुसऱ्यात. कोणी कोणता अहवाल वाचला यावरून त्याची बाजू ओळखता येते.

दृश्य पुरावा हा लक्ष वेधण्यातला निर्णायक घटक ठरला. एप्रिल २०१५ मध्ये नॉर्थ चार्ल्स्टन येथे वॉल्टर स्कॉट मेले, तेव्हा पहिली बातमी झटापटीची होती. तीन दिवसांनी एका पादचाऱ्याने मोबाइलवर घेतलेले चित्रण बाहेर आले. स्कॉट पाठ फिरवून पळत होते. पोलिसाला त्याच दिवशी अटक झाली आणि २०१७ मध्ये २० वर्षांची शिक्षा. शिकागोतील लाक्वान मॅकडॉनल्ड याला ऑक्टोबर २०१४ मध्ये १६ गोळ्या लागल्या. गाडीतील कॅमेऱ्याची चित्रफीत मिळवण्यासाठी एका मुक्त पत्रकाराला कोर्टात जावे लागले आणि ती तेरा महिन्यांनी बाहेर आली.

गोऱ्या मृतांकडे दुर्लक्ष होते, ही उलट बाजूची तक्रारही निराधार म्हणता येत नाही. अ‍ॅरिझोनातील मेसा येथे जानेवारी २०१६ मध्ये हॉटेलच्या मार्गिकेत रांगत, गयावया करत असताना मारल्या गेलेल्या डॅनियल शेव्हर यांची संपूर्ण चित्रफीत पोलीस निर्दोष सुटल्यावर, डिसेंबर २०१७ मध्ये, प्रसिद्ध झाली. तोवर राष्ट्रीय माध्यमांत त्या घटनेची फारशी चर्चा नव्हती. मात्र कृष्णवर्णीय मृतांसाठी लक्ष आपोआप मिळत नाही. ते संघटना, वकील आणि चर्च यांच्या जुन्या जाळ्याने ओढून आणलेले असते, हे या तक्रारीत सुटते. जाळे नसलेल्या गोऱ्या गरिबांची बातमी त्यामुळे पहिल्याच दिवशी संपते. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीतही हेच घडते, म्हणून कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांच्या संस्थेने डिसेंबर २०१४ मध्ये ‘से हर नेम’ (तिचे नाव घ्या) ही मोहीम काढली. मूलनिवासी अमेरिकनांचा मृत्युदर फार वरचा असूनही राखीव प्रदेशांतील घटनांची माहिती तुटक आहे.

सद्यस्थिती : एफबीआयने २०१९ पासून बळाच्या वापराची नवी राष्ट्रीय नोंद सुरू केली, तिच्यातील सहभागही ऐच्छिकच आहे. संघीय पोलिसांच्या गैरवर्तनाची सूची जानेवारी २०२५ मध्ये बंद करण्यात आली. पोस्टने आपली नोंद २०२४ अखेर थांबवली, तेव्हा तिच्यात दहा हजारांहून अधिक मृत्यू जमा झाले होते. ‘मॅपिंग पोलीस व्हायोलन्स’ या खासगी प्रकल्पाची गणना चालू आहे.