‘पुट ऑफ’ आणि त्याचे जवळचे शब्द : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे इंग्रजी पत्रे, करार आणि सूचना भाषांतरासाठी किंवा तपासणीसाठी येतात, तेव्हा ‘पुढे ढकलणे’ या एका अर्थासाठी वापरलेल्या शब्दांवर आम्हांला वारंवार थांबावे लागते. ‘पुट ऑफ’, ‘पोस्टपोन’, ‘डिले’, ‘डिफर’, ‘अ‍ॅडजर्न’, ‘सस्पेंड’ आणि ‘कॉल ऑफ’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास लिहिले जातात. परंतु त्यांपैकी प्रत्येक शब्द वाचणाऱ्याला वेगळी गोष्ट सांगतो आणि पत्रातले आश्वासन नेमके किती आहे, हे पुष्कळदा त्या एका शब्दावरच ठरते.

‘पुट ऑफ’ म्हणजे एखादी गोष्ट ठरलेल्या वेळी न करता लांबणीवर टाकणे. ही क्रिया करणारा ती जाणूनबुजून करतो, आणि बोलण्याच्या ओघात त्या शब्दाला नकोशा कामापासून अंग काढून घेण्याची छटाही सहज येते. दाताच्या डॉक्टरांकडे जाणे कोणी पुन्हा पुन्हा टाळत असेल, तर त्यासाठी ‘पुट ऑफ’ अगदी नेमका आहे. याच कारणामुळे व्यावसायिक पत्रात ‘वुई हॅव पुट ऑफ युअर पेमेंट’ असे लिहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. व्याकरणात ते वाक्य चुकत नाही, पण पैसे देण्याची चालढकल सुरू आहे असा वास त्याला येतो. तेथे ‘डिफर’ हा शब्द वापरून सोबत नवी तारीख द्यावी.

‘पोस्टपोन’ लॅटिनमधून आलेला आहे. त्यातील ‘पोस्ट’ म्हणजे नंतर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. हा तटस्थ आणि औपचारिक शब्द आहे, आणि तो वाचल्यावर कार्यक्रम होणार आहे, फक्त नंतर होणार आहे, असे वाचक गृहीत धरतो. ‘डिले’ मात्र विलंबाविषयी बोलतो. पावसामुळे गाडी उशिरा सुटली तर ती ‘डिलेड’ असते, कारण तिचा उशीर कोणी आखलेला नसतो. ‘डिफर’ हा देणी, निर्णय, कर आणि प्रवेश यांच्या संदर्भात रुळलेला आहे. मात्र त्याच्यापुढे ‘टू’ आणि व्यक्ती आली की अर्थ पूर्ण बदलतो आणि त्या व्यक्तीच्या मतापुढे मान तुकवणे असा होतो. ‘अ‍ॅडजर्न’ म्हणजे तहकूब करणे. सुरू झालेली सभा किंवा सुनावणी थांबवून पुढच्या वेळेवर नेण्यासाठी तो मुख्यतः वापरतात, त्यामुळे जी सभा अजून भरलीच नाही तिच्यासाठी आम्ही ‘पोस्टपोन’ सुचवतो. ‘सस्पेंड’ म्हणजे चालू असलेले काम तात्पुरते स्थगित करणे. ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे. हा शब्द आलेल्या पत्रानंतर नव्या तारखेची वाट पाहत बसू नये.

‘टेबल’ या क्रियापदाबाबत विशेष काळजी घ्यावी, कारण ब्रिटिश इंग्रजीत त्याचा अर्थ विषय चर्चेसाठी मांडणे असा आहे, तर अमेरिकी इंग्रजीत चर्चा बाजूला ठेवणे असा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या एका शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकाऱ्यांमध्ये बराच वेळ वाद झाला होता, आणि गंमत अशी की दोन्ही बाजूंना मुळात एकच गोष्ट हवी होती, अशी नोंद विन्स्टन चर्चिल यांनी केली आहे. पत्र कोणत्या देशात जाणार आहे हे ठाऊक नसेल तर हा शब्द टाळलेलाच बरा. तारीख अलीकडे आणण्यासाठी भारतीय इंग्रजीत रूढ असलेला ‘प्रीपोन’ हा शब्दही बाहेरच्या अनेक वाचकांना अनोळखी वाटतो. त्यांच्यासाठी ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहावे.

‘पुट ऑफ’च्या रचनेत दोन चुका नेहमी दिसतात. कर्म नाम असेल तर ते ‘ऑफ’च्या आधी किंवा नंतर, दोन्हीकडे चालते, ‘पुट द मीटिंग ऑफ’ आणि ‘पुट ऑफ द मीटिंग’ ही दोन्ही रूपे बरोबर आहेत. परंतु कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच यायला हवे, म्हणून ‘पुट इट ऑफ’ बरोबर आणि ‘पुट ऑफ इट’ चूक. दुसरी चूक पुढे येणाऱ्या क्रियापदाची आहे. ‘पुट ऑफ’नंतर ‘टू गो’ येत नाही, ‘गोइंग’ येते, आणि ‘पोस्टपोन’लाही हाच नियम लागू आहे. शिवाय ‘पुट’चे भूतकाळी रूप ‘पुट’च असल्यामुळे ‘दे पुट ऑफ द मीटिंग’ या वाक्यावरून काळ कळत नाही. तारीख किंवा ‘हॅव’ जोडल्यास संदिग्धता राहत नाही.

या क्रियापदाला दुसरा, तितकाच प्रचलित अर्थ आहे, आणि खरा घोटाळा तेथेच होतो. कर्माच्या जागी माणूस आला की ‘पुट ऑफ’ म्हणजे मन उडवणे, परावृत्त करणे किंवा लक्ष विचलित करणे. वासाने जेवणावरची इच्छा गेली, किंमत ऐकून खरेदीचा विचार सोडला, गोंगाटामुळे खेळाडूचा नेम चुकला, या तिन्ही ठिकाणी ‘पुट ऑफ’ चालते. पण माणसालाच ‘नंतर या’ सांगून वाटेला लावणे, हाही त्याचा एक अर्थ आहे. त्यामुळे ‘द कस्टमर्स वेअर पुट ऑफ’ हे वाक्य अहवालात एकटे आले, तर ग्राहकांना थांबायला सांगितले की ते नाराज होऊन परत गेले, हे वाचणाऱ्याला समजत नाही. पहिल्या अर्थासाठी ‘आस्क्ड टू वेट’ असे सरळ लिहावे. दुसऱ्या अर्थासाठी परिणामांच्या धास्तीने मागे हटवले असेल तर ‘डिटर’, समजावून मन वळवले असेल तर ‘डिस्वेड’, आणि उत्साह कमी केला असेल तर ‘डिस्करेज’ हे पर्याय आहेत.

‘पुट ऑन’च्या उलट म्हणून कपडे किंवा पादत्राणे काढण्यासाठी ‘पुट ऑफ’ लिहिलेले आम्हांला आढळते. 1611 सालच्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात तो वापर आहे, आज मात्र तेथे ‘टेक ऑफ’ म्हणतात. दिवा किंवा यंत्र बंद करण्यासाठी ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ लिहावे.

लांबणीवर टाकण्याविषयीचा मजकूर आमच्याकडे पाठवताना काम सुरू झाले होते का, निर्णय कोणी घेतला, नवी तारीख ठरली आहे का आणि पत्र कोणत्या देशातील वाचकाकडे जाणार आहे, एवढे मराठीत लिहून सोबत जोडावे. त्यावरून योग्य शब्द निवडून तो का निवडला, हे आम्ही समासात नोंदवून देऊ.