खरखर लॅपटॉपमधली की हवेतली?

लॅपटॉप वायरविना टीव्हीला जोडला की चित्र झकास येतं, पण आवाज खरखरतो. ही तक्रार आमच्याकडे गावोगाव ऐकू येते. झाडीपट्टीतल्या नाटकाचं रेकॉर्डिंग लावा की कपाशीवरच्या बोंडअळीचा व्हिडिओ, घरातलं कोणीतरी निकाल देतंच, "टीव्हीचा स्पीकर गेला वाटते भाऊ, तालुक्याले न्या लागते." मग टीव्ही गाडीत घालून तालुक्याला जातो, दुकानात ठणठणीत वाजतो आणि घरी आला की पुन्हा तेच. गाडीभाडं मात्र जातं. म्हणून टीव्ही हलवायच्या आधी ही खरखर नीट ओळखावी.

ती दोन प्रकारची असते. एक लॅपटॉपच्या आतच तयार होते, दुसरी लॅपटॉपपासून टीव्हीपर्यंत जाताना हवेत होते. कानाला दोन्ही जवळपास सारख्याच लागतात, पण एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. पाणी विहिरीतच गढूळ आहे की पाटात गढूळ झालं, हे आधी बघावं लागतं, तसंच हे.

त्यासाठी टीव्हीचं कनेक्शन तोडा, लॅपटॉपला तारेचा इयरफोन लावा आणि तोच तुकडा ऐका. तुकडा साध्या बोलण्याचा घ्या, नाहीतर पेटीचा एखादा लांबवलेला सूर घ्या. खंजिरीचं भजन या कामाला चालत नाही. खंजिरीच्या झांजांत बारीक खरखर लपून जाते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. इयरफोनमध्येही खरखर आली तर दोष लॅपटॉपचा. तिथे आवाज स्वच्छ असेल तर पुढची नजर चित्रावर ठेवा. आवाज तुटतो त्याच क्षणी चित्रात चौकोन पडत असतील किंवा ते थबकत असेल, तर गडबड बहुतेक वाटेत आहे.

वाटेतली गडबड समजायला जोडणी कशी होते ते माहीत हवं. विंडोज आणि के ही बटणं एकत्र दाबून आपण टीव्ही जोडतो तेव्हा बहुतेक वेळा मिराकास्ट वापरतो. वाय-फाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने ही पद्धत २०१२ मध्ये आणली. यात लॅपटॉप आणि टीव्ही वाय-फायवरून थेट एकमेकांशी बोलतात, इंटरनेट लागतच नाही. आवाजाचे बारीक बारीक तुकडे करून पाठवले जातात. एखादा तुकडा वेळेत पोचला नाही की तिथे खाच पडते, आणि अशा खाचा लागोपाठ पडल्या की कानाला खरखर ऐकू येते. यूट्यूबच्या कास्टच्या बटणाचं गणित वेगळं आहे. तिथे टीव्ही व्हिडिओ स्वतःच इंटरनेटवरून ओढतो, लॅपटॉप फक्त रिमोटचं काम करतो. म्हणून कास्ट केल्यावर आवाज स्वच्छ आणि अख्खा स्क्रीन दाखवल्यावर खरखर, असं झालं तर टीव्हीचा स्पीकर निर्दोष सुटला.

शहरात शेजारपाजारच्या वाय-फायची गर्दी हे मोठं कारण असतं. गावात माझ्या पाहण्यात कारणं वेगळी आहेत. पहिलं कारण मोबाईलचा हॉटस्पॉट. लॅपटॉपमध्ये वाय-फायचं कार्ड साधारणपणे एकच असतं. त्याला मोबाईलकडून इंटरनेटही घ्यायचं असतं आणि टीव्हीला चित्र-आवाजही पाठवायचा असतो. दोन्ही वेगवेगळ्या चॅनेलवर, म्हणजे वाय-फायच्या वेगवेगळ्या वाटांवर असले तर कार्ड सारखं इकडून तिकडे उड्या मारतं. व्हिडिओ आधी डाउनलोड करून ठेवा, हॉटस्पॉट तोडा, वाय-फाय मात्र चालू राहू द्या. पुष्कळदा एवढ्यानेच आवाज साफ होतो.

दुसरं कारण कूलर. उन्हाळ्यात पत्र्याचा कूलर आणि त्यातलं ओलं गवत लॅपटॉप आणि टीव्हीच्या मधे येतं. पत्रा लहरी अडवतो, पाणी त्या शोषतं. लोखंडी कपाट आणि टिनाची भिंतही तेच करतात. लॅपटॉप टीव्हीसमोर आणा, मधे काही ठेवू नका.

तिसरं कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ते म्हणजे यूएसबी ३ चा पेनड्राइव्ह. तो चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट सोडतो आणि अनेकदा वाय-फायही त्याच पट्ट्यात चालतं. सिनेमा पेनड्राइव्हवरून लावू नका, आधी लॅपटॉपमध्ये कॉपी करा आणि पेनड्राइव्ह काढून टाका. ब्लूटूथही याच पट्ट्यात येतं, तेव्हा लागत नसेल तर तेही बंद ठेवा.

लॅपटॉपच्या आतली खरखर त्या मानाने लवकर आटोपते. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग साऊंड उघडा आणि आवाज जिथून येतो ते साधन निवडा. टीव्ही जोडलेला असताना तिथे टीव्हीचं साधन वेगळं दिसतं, बदल त्याच्यात करायचा, लॅपटॉपच्या स्पीकरमध्ये नाही. ऑडिओ एनहान्समेंट, म्हणजे आवाज सजवायची सोय, बंद करा. फॉरमॅट बदलता येत असेल तर १६ बिट, ४८,००० हर्ट्झ ठेवा, कारण व्हिडिओचा आवाज साधारणपणे ४८,००० चाच असतो आणि मिराकास्टलाही तोच चालतो. एवढ्याने भागलं नाही तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून आवाजाचा आणि वाय-फायचा ड्रायव्हर, म्हणजे ते भाग चालवणारं सॉफ्टवेअर, नवा घाला.

एक प्रकार मात्र दोन्हींच्या सीमेवरचा आहे आणि आपल्याकडे तो हमखास भेटतो. लाईन जाते, टीव्ही इन्व्हर्टरवर चालू राहतो, लॅपटॉप बॅटरीवर येतो. बॅटरी वाचवायला लॅपटॉप प्रोसेसर मंद करतो आणि वाय-फायच्या कार्डालाही डुलकी घेऊ देतो. स्क्रीन पाठवायचा म्हणजे प्रत्येक चित्र त्याच क्षणी दाबून लहान करावं लागतं, आणि जुन्या लॅपटॉपला एवढ्यानेच धाप लागते. इयरफोनमध्ये आवाज स्वच्छ, टीव्हीवर खरखर, म्हणून आपण दोष हवेवर ढकलतो. अशा वेळी लॅपटॉपवर किती भार आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडा. सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, आकडा शंभर टक्क्यांच्या जवळ अडकला असेल तर बॅटरी सेव्हर बंद करा, ब्राउझरच्या जास्तीच्या टॅब मिटा, आणि जमल्यास लॅपटॉपचा चार्जरही इन्व्हर्टरच्याच बोर्डात लावा. तरीही आकडा खाली येत नसेल, तर त्या लॅपटॉपला एचडीएमआय केबल लावणं बरं.