पुढे चालतो तो ड्रम मेजर, मग बँडमास्टर कोणता?

लष्करी संचलनाचा फोटो छापून येतो. सगळ्यांच्या पुढे एक उंचापुरा माणूस, छातीवर तिरका भरजरी पट्टा, हातात चकचकीत मुठीची लांब काठी. खाली ओळ असते: 'बँडमास्टरच्या नेतृत्वाखाली बँडपथक'. फोटोतला माणूस मात्र बहुतेक वेळा बँडमास्टर नसतो, ड्रम मेजर असतो. बँडमास्टर कुठेतरी कडेला चालत असतो, कित्येकदा तर चौकटीत नसतोच. मला ही चूक मनापासून खटकते, कारण त्या एका ओळीत एका माणसाची आयुष्यभराची मेहनत दुसऱ्याच्या नावावर जमा होते.

ओळखायची खूण सोपी आहे. ड्रम मेजरची पाठ बँडकडे असते, बँडमास्टरचं तोंड बँडकडे. एकाच्या हातात जवळजवळ छातीपर्यंत येणारी काठी, दुसऱ्याच्या हातात वीतभर-दीड वीत लांबीचा हलका बॅटन. बँड वाजवत मैदानात येतो तेव्हा ताबा काठीचा असतो. बँड थांबतो, गोलाकार उभा राहतो, ड्रम मेजर बाजूला होतो आणि बँडमास्टर पुढे येऊन बॅटन उचलतो. तिथून पुढचं संगीत त्याचं. खरं तर आधीचंही त्याचंच होतं, फक्त तेव्हा तो दिसत नव्हता.

ड्रम मेजरचं मूळ संगीतात नाही, हुकुमात आहे. तोफा-बंदुकांच्या आवाजात माणसाचा ओरडा पोचत नसे, म्हणून 'पुढे चला', 'मागे फिरा', 'गोळा व्हा' हे सगळं ढोलावर वाजवून कळवलं जाई. सतराव्या शतकात युरोपातल्या सैन्यांत या ढोलवाल्यांना शिकवणारा, त्यांना शिस्तीत ठेवणारा एक प्रमुख असे, तोच ड्रम मेजर. त्याच्या पट्ट्यावर आजही ढोलाच्या दोन छोट्या काठ्या लावलेल्या दिसतात, त्या या जुन्या कामाची आठवण म्हणून.

आज त्याच्या काठीची एक पूर्ण भाषा आहे. काठी कशी धरली, किती उंच नेली, कोणत्या बाजूला वळवली यावरून मागच्यांना कळतं की चालायचं, थांबायचं, वळायचं की वाजवणं बंद करायचं. सगळ्यात देखणी कवायत म्हणजे पूर्ण बँड वाजवत असताना ड्रम मेजर वळतो आणि रांगांच्या मधून उलट चालत निघतो. प्रत्येक रांग त्याच जागी येऊन वळते, येणारे आणि जाणारे एकमेकांच्या मधून सरकतात आणि एक सूरही तुटत नाही. त्याला अंतराचा अंदाज लागतो, एकसारखं पाऊल लागतं, करारी रुबाब लागतो. कोणत्या वाद्याला कोणता स्वर द्यायचा हे त्याला ठरवावं लागत नाही.

ताल तरी तो धरतो का? पाऊल तो घालून देतो, पण ठेका सांभाळतो मोठा ढोल. अनेक सैन्यांत जलद चालीचा वेग मिनिटाला १२० पावलं असतो, फ्रेंच फॉरेन लीजन ८८ पावलांनी संथ चालते, तर ब्रिटिश रायफल पलटणींची चाल १४० पर्यंत जाते. इथे एक गंमत आहे. १२० च्या चालीत एका पावलाला अर्धा सेकंद लागतो आणि अर्ध्या सेकंदात आवाज साधारण १७० मीटर जातो. म्हणजे ढोलापासून १७० मीटर मागे असलेला जवान नुसत्या कानावर चालला, तर पुढचे डावा पाय टाकतील तेव्हा त्याचा उजवा पडेल! म्हणून लांब रांगेत डोळा पुढच्याच्या पायावर ठेवावा लागतो.

बँडमास्टरची गोष्ट वेगळीच आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश पलटणींचे अधिकारी बँडचा बराच खर्च पदरचा करत. बँडमास्टर म्हणून पुष्कळदा जर्मन किंवा इटालियन नागरी वादक पगारावर ठेवले जात. जो तो आपल्या पसंतीची वाद्यं आणि आपल्या पद्धतीची रचना वापरी. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धाला निघालेलं सैन्य तुर्कस्तानात स्कुतारीला असताना राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसाचं संचलन झालं. सगळ्या बँडनी मिळून राष्ट्रगीत सुरू केलं आणि प्रत्येकाचा सूर वेगळा, मांडणी वेगळी निघाली. परक्या सैन्याधिकाऱ्यांसमोर झालेली ती शोभा राणीचे चुलतभाऊ आणि सेनाधिकारी असलेल्या केंब्रिजच्या ड्यूकना फार लागली. त्यांच्या पुढाकाराने १८५७ मध्ये लंडनजवळ नेलर हॉल इथे लष्करी संगीताचं शिक्षण सुरू झालं. भारतीय सैन्यात हेच काम पचमढीला चालतं.

तिथे काय शिकावं लागतं, हे समजलं की बँडमास्टर समजतो. पाश्चात्त्य संगीतात स्वरांना 'सी', 'बी फ्लॅट' अशी नावं असतात. बी फ्लॅट क्लॅरिनेटवर कागदावरचा 'सी' वाजवला की ऐकू येतो बी फ्लॅट. ई फ्लॅट हॉर्नवर तोच 'सी' ई फ्लॅट होतो. बासरी आणि ओबो मात्र लिहिलंय तेच वाजवतात. म्हणजे सगळ्यांकडून एकच स्वर हवा असेल तर तो प्रत्येकाच्या कागदावर वेगळ्या नावाने लिहावा लागतो. एका मार्चसाठी, म्हणजे संचलनाच्या धुनेसाठी, असे वीस-पंचवीस भाग तयार होतात, आणि एका भागातली एक चूक म्हणजे मैदानात एक बेसूर माणूस. ऑर्केस्ट्राची रचना घेतली तर व्हायोलिनचं काम बहुधा क्लॅरिनेटांवर सोपवायचं, कारण उघड्यावर फुंकवाद्यांचाच आवाज टिकतो. नवे वादक पारखायचे, कच्च्यांना घासायचं, वाद्यांची निगा बघायची, आज गंभीर मानवंदना तर उद्या मेजवानीतलं हलकंफुलकं संगीत बसवायचं, हे सगळं त्याच्याच अंगावर.

हुद्द्यातही फरक आहे. ब्रिटिश सैन्यात ड्रम मेजर ही नेमणूक आहे, हुद्दा नव्हे. सार्जंटही ड्रम मेजर असू शकतो. बँडमास्टर हा वॉरंट अधिकारी, आणि त्याच्या वर कमिशन मिळालेला संगीत संचालक. पाइप बँडमध्ये, म्हणजे बॅगपाइप वाजवणाऱ्यांच्या बँडमध्ये, संगीताची धुरा पाइप मेजरकडे असते. आणि अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांच्या मार्चिंग बँडमध्ये ड्रम मेजरच चौथऱ्यावर चढून हाताने ताल देतो, त्यामुळे तिकडच्या चित्रफिती पाहून गोंधळ आणखी वाढतो.

बँडमास्टर घडतो तो लहानपणापासून. अमेरिकेचे जॉन फिलिप सूसा १८६८ मध्ये, तेराव्या वर्षी, मरीन बँडमध्ये उमेदवार म्हणून लागले. वडील तिथेच ट्रॉम्बोन वाजवत. १८८० मध्ये त्याच बँडचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं, तेव्हा ते पंचविशीत होते. सव्वाशेहून अधिक मार्च त्यांनी लिहिले आणि नाव जगभर झालं. पण असं भाग्य फार थोड्यांचं.

मला जास्त जवळचे वाटतात ते फ्रेडरिक रिकेट्स. जन्म लंडनचा, १८८१ चा. लहानपणीच आईवडील गेले. १८९५ मध्ये, चौदाव्या वर्षी, ते रॉयल आयरिश रेजिमेंटमध्ये बँडबॉय झाले. पलटणीत वाजवत वाजवत नेलर हॉलपर्यंत पोचले आणि १९०८ मध्ये आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्सच्या दुसऱ्या बटालियनचे बँडमास्टर झाले. पुढे १९२७ मध्ये रॉयल मरीन्समध्ये संगीत संचालक. सैन्यात असताना बाहेर स्वतःच्या नावाने व्यवसाय केलेला वरिष्ठांना रुचत नसे, म्हणून मार्च छापले ते 'केनेथ आल्फर्ड' या नावाने. केनेथ हे मुलाचं नाव, आल्फर्ड हे आईचं माहेरचं. १९१४ चा त्यांचा 'कर्नल बोगी' जगभर वाजला. त्याचे पहिले दोन स्वर गोल्फच्या मैदानावर कुणाच्या तरी शिट्टीतून सुचले, असं सांगतात. रिकेट्स १९४५ मध्ये वारले. बारा वर्षांनी एका युद्धपटात कैदी शिट्टीवर तीच धून वाजवत छावणीत शिरले आणि ज्यांना मार्च म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं, ते लोक ती गुणगुणू लागले.