अपडेट टाकलं, पण चालतंय का?

ऑडिटवाल्यांचा स्कॅनर रिपोर्ट आला की त्यात एक लाल ओळ हमखास असते, 'ओपनएसएसएच जुनं व्हर्जन, धोका जास्त'. ओपनएसएसएच म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करायचं सॉफ्टवेअर. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतली टॉवेल एक्स्पोर्टची कंपनी असो नाहीतर सात रस्त्याकडचं एखादं हॉस्पिटल, मालकाचा फोन ठरलेला, "अहो, तुम्ही तर म्हणालात सगळं अपडेट केलंय, मग हे काय?" केलेलं असतंय की! पण लिनक्सवर व्हर्जनचा नंबर दोन्ही बाजूंनी फसवतो, कधी जुना दिसतो आणि आत दुरुस्ती झालेली असते, कधी नवा दिसतो आणि आत जुनंच चालू असतं.

पहिली बाजू बघा. ७ एप्रिल २०१४ ला हार्टब्लीड नावाची सुरक्षेतली चूक जाहीर झाली. ती होती ओपनएसएसएलमध्ये, म्हणजे इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीत; लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात तो सामाईक कोड. तिच्यात कनेक्शन जिवंत आहे का बघायला एक छोटा निरोप पाठवायची सोय होती, पाठवणारा म्हणायचा हे घे एवढी अक्षरं, तशीच परत दे. अक्षरं खरंच तेवढी आहेत का हे सर्व्हर मोजतच नव्हता. पाठवायचं एक अक्षर आणि सांगायचं ६४ हजार, की सर्व्हर आपल्या मेमरीतलं शेजारचं जे असेल ते, म्हणजे कुणाचा पासवर्ड, कुणाची गुप्त किल्ली, मुकाट्याने देऊन मोकळा. मार्च २०१२ मध्ये आलेल्या १.०.१ पासून ही चूक आत बसलेली, म्हणजे दोन वर्षं कुणाच्या लक्षात नाही. मूळ प्रोजेक्टने १.०.१जी काढून ती बुजवली. डेबियन ही लिनक्सची एक डिस्ट्रो, म्हणजे तयार बांधून दिलेला संच, तिच्या तेव्हाच्या स्टेबल म्हणजे स्थिर आवृत्तीत मात्र १.०.१ई होतं आणि त्यांनी जी आणलंच नाही, फक्त लांबी तपासणाऱ्या त्या चार ओळी उचलून ई मध्ये बसवल्या. याला बॅकपोर्ट म्हणतात. नंबर झाला १.०.१ई-२ आणि त्याला शेपूट डेब७यू५. बाहेरून बघणारा स्कॅनर बऱ्याचदा पुढचा भाग वाचतो आणि शेपूट सोडून देतो, म्हणून ती लाल ओळ, ओपनएसएसएचचंही तसंच.

मग सरळ नवीनच का घेत नाहीत? कारण नवीन व्हर्जनमध्ये दुरुस्तीबरोबर दहा इतर बदल येतात आणि त्यातला एखादा तुमचं पाच वर्षांपूर्वीचं बिलिंग सॉफ्टवेअर मोडतो. अर्थात डिस्ट्रोवाल्यांचा हात लागला की सगळं चांगलंच होतं असंही नाही. याच डेबियनने २००६ मध्ये ओपनएसएसएलमधली, तपासणीचं टूल जिच्यावर इशारा देत होतं ती ओळ काढली आणि किल्ल्या बनवायला लागणाऱ्या यादृच्छिक आकड्यांचा पायाच गेला, मे २००८ मध्ये कळलं की एका प्रकारच्या किल्ल्या बनून बनून ३२,७६७ च बनत होत्या. एवढ्या तर दुपारच्या झोपेत तपासून होतील.

आणि नवीन म्हणजे सुरक्षित, हा तर भ्रमच. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरने जाहीर केलं की एक्सझेड या डेटा आकसवणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मुद्दाम चोरदरवाजा बसवलाय. त्यांना शंका का आली, तर एसएसएचने लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त लागत होता म्हणून! अर्धा सेकंद!! आपण असतो तर नेट स्लो आहे म्हणून सोडून दिलं असतं. यात सापडले ते सगळ्यात ताज्या, चाचणीतल्या आवृत्त्या वापरणारे. डेबियन स्टेबलवाल्यांकडे ते व्हर्जन पोचलंच नव्हतं.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते हीच जास्त घातक. लिनक्समध्ये प्रोग्राम चालू असताना त्याची लायब्ररीची फाइल बदलता येते. डिस्कवर नवी फाइल येते, पण आधीपासून चालू असलेला वेब सर्व्हर जुनीच फाइल धरून बसतो, नावाने ती डिलीट झालेली असली तरी. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर जकार्डची नवी कार्डं आणून मागाशेजारी ठेवली म्हणून चादरीवरचं डिझाइन बदलत नाही, माग थांबवून ती चढवावी लागतात. हार्टब्लीडच्या वेळी डेबियनलाही हे जाणवलं, म्हणून डेब७यू५ पाठोपाठ डेब७यू६ आलं, त्यात इन्स्टॉल होताना कोणत्या सर्व्हिसेस रीस्टार्ट करायला हव्यात हे विचारायची सोय होती. आता नीडरीस्टार्ट नावाचं टूल हेच काम करतं. आणि किल्ल्या आधीच चोरीला गेल्या असतील तर रीस्टार्टनेही भागत नाही, त्या बदलाव्या लागतात, हे तेव्हा बरेच जण विसरले.

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याचं तर विचारूच नका. लाइव्हपॅच हा प्रकार २०१५ मध्ये कर्नल ४.० पासून आलाय, चालू कर्नलमधलं एखादं फंक्शन बदलता येतं, पण सगळ्याच दुरुस्त्या तशा बसत नाहीत, शेवटी रीबूट लागतोच. आमचा सर्व्हर दोन वर्षं बंद पडला नाही असं कुणी कौतुकाने सांगितलं की मला त्याचा कर्नल आठवतो. रीबूटला मुहूर्त काढावा लागतो, गड्डा यात्रेत अक्षता सोहळ्याच्या दिवशी अर्धं सोलापूर संमती कट्ट्याकडे असतं, तेव्हा ऑफिसचं मशीन दहा मिनिटं बंद राहिलं तरी कुणी ओरडत नाही. हॉस्पिटलला मात्र असा दिवस नसतो, तिथे जोडीचा दुसरा सर्व्हर ठेवायचा आणि आळीपाळीने करायचं.

सगळ्या मशीनवर एकदम मात्र टाकायचं नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका बिघडलेल्या अपडेटने जवळपास ८५ लाख विंडोज मशीन पाडली, तिथे लिनक्स नव्हतं पण धडा तोच. आधी ऑफिसातल्या एक-दोन कमी महत्त्वाच्या मशीनवर, दोन दिवस बघायचं, मग बाकी. यासाठी कंपनीच्या आतच सॉफ्टवेअर पॅकेजेसची नक्कल, म्हणजे मिरर ठेवतात, डिजिटल सही तपासलेलं पॅकेज तिथे उतरवायचं आणि आपण सोडू तेव्हाच पुढे जाईल. अगदी तातडीचं असेल तर दोन दिवसांचे दोन तास करा, पण ती पायरी गाळू नका.

या मिररमध्येच एक खोच आहे. सेंटओएस ७ या लिनक्स डिस्ट्रोचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, म्हणजे नव्या दुरुस्त्या येणं बंद झालं. तरी ते अजून कितीतरी ठिकाणी कोपऱ्यात चालू असेल. आतल्या मिररला लावलेल्या अशा मशीनला विचारलं की अपडेट काही बाकी आहे का, तर ते म्हणतं काही नाही. आणि परवाच नीट अपडेट केलेलं मशीनसुद्धा अगदी हेच म्हणतं.