चुनखडीवर उमटलेली छावणी

‘1839 सालच्या इंग्रज छावणीचा दुर्मीळ फोटो’ अशी ओळ डकवलेलं एक चित्र परवा कुणीतरी पुढे ढकललं. बलुचिस्तानातलं दादूर, पलीकडे बोलन खिंडीचं तोंड, अलीकडे फौजेचा तळ. चित्र अस्सल आहे, पण तो फोटो नव्हे. बंगालची फौज दादूरला पोचली मार्च 1839 मध्ये. फ्रेंच संशोधक दागेरने छायाचित्रणाची आपली कृती पॅरिसमध्ये जाहीर केली त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. मग खिंडीत कॅमेरा येणार कुठून?

हे रेखाटलं जेम्स ॲटकिन्सन या लष्करी डॉक्टरने. पदच्युत अफगाण राजा शाह शुजा याला काबूलच्या गादीवर बसवायला निघालेल्या या फौजेत लढणारे साधारण 9,500, बाजारबुणगे 38,000 आणि उंट 30,000 होते. मुंबईची फौजही सिंधमार्गे याच मोहिमेवर निघाली होती. ॲटकिन्सनच्या चित्रांचा संग्रह 1842 साली लंडनमध्ये निघाला. ती दगडावर उतरवली लुई आणि चार्ल्स हेग या भावांनी. लुईचा उजवा हात जन्मतः अधू, त्यामुळे सगळं काम डाव्या हाताने.

हो, दगडावर. शिळाछापाची ही युक्ती आलोइस झेनेफेल्डरने 1798 च्या सुमारास म्युनिकमध्ये बसवली. तिचं स्पष्टीकरण ‘तेल आणि पाणी मिसळत नाही’ एवढ्यावर उरकलं जातं, आणि खरी गंमत तिथेच निसटते.

दगड बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा, अतिशय बारीक पोताची चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो वाळूने घासून खरखरीत करायचा आणि मेण, चरबी, साबण, काजळी यांच्या कांडीने त्यावर उलटं चित्र काढायचं. कांडीतली मेदाम्लं, म्हणजे चरबीतली आम्लं, दगडातल्या कॅल्शियमला धरतात आणि पाण्यात न विरघळणारा कॅल्शियमचा साबण तयार होतो. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस न येता जो पांढरट साका धरतो, तोच हा पदार्थ. मग डिंकाच्या पाण्यात किंचित नायट्रिक आम्ल घालून ते दगडावर फिरवायचं. जिथे रेघ नाही तिथे डिंकाचे लांबलचक रेणू दगडाला चिकटून बसतात. त्यांच्यावरचे हायड्रॉक्सिल आणि कार्बोक्सिल गट पाणी धरून ठेवतात, त्यामुळे कोरा भाग पाण्याचा भुकेला होतो.

आता टर्पेंटाइनने दगड पुसायचा. काजळी जाते, चरबी जाते, चित्र जवळपास दिसेनासं होतं! नवख्याला वाटतं, मेहनत पाण्यात गेली. पण दगड ओला करून शाईचा रूळ फिरवला की तंबू न् तंबू परत उठतो, कारण साबणाचा तो पातळ थर दगडाशी रासायनिक बंधाने जखडलेला असतो. साधा तेलाचा डाग असता तर टर्पेंटाइनने केव्हाच साफ केला असता.

मुंबईत मुद्रक गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर 1831 मध्ये मराठी पंचांग छापलं. शाईत चरबी म्हणून धर्मग्रंथ बाटतील, अशी सनातन्यांची ओरड होती. त्यावर त्यांनी तुपाची शाई वापरल्याचं सांगतात. ही तोड व्यवहारी होती, आणि रसायनशास्त्रालाही तिच्यात वावगं काही नाही. मेदाम्ल गाईच्या तुपातलं की बैलाच्या चरबीतलं, याचं दगडाला सोयरसुतक नसतं. सोवळं-ओवळं पाळणाऱ्याच्या डोक्यात असतं, रेणूत नाही.

दादूरच्या चित्रात बदामी छटेसाठी दुसरा दगड आहे. जिथे लख्ख उजेड हवा तिथे त्या दगडावरची छटा खरवडून काढत, म्हणजे खालचा कोरा कागदच पांढरा दिसतो. हा उजेड बलुचिस्तानातला किती आणि लंडनच्या कारखान्यातला किती, हा प्रश्न विचारायलाच हवा. दगडावर काम करणाऱ्यांसमोर बोलन खिंड नव्हती, ॲटकिन्सनचे कागद होते.

आणि ‘ओरिजिनल’ म्हणून फ्रेम करून असं चित्र कुणी गळ्यात मारत असेल, तर पैसे काढण्याआधी दहापट भिंग लावा. शिळाछापात कांडीने दगडाच्या फक्त उंचवट्यांवर ठेवलेले वेडेवाकडे, विखुरलेले कण दिसतात. रांगेत बसलेले निळे, गुलाबी, पिवळे ठिपके दिसले तर तो हल्लीचा ऑफसेट छाप. तोही मूळ तेल-पाण्याच्याच तत्त्वावर चालतो, फक्त दगडाच्या जागी ॲल्युमिनियमचा पत्रा आला, आणि किंमतही त्याच मानाने द्यावी.