ग्रुप केवढा, आणि किती गोळ्यांचा?

१ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुण मिळवून ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्यपदक घेतलं आणि पुढचे काही दिवस मुंबईतल्या नेमबाजांना एकच प्रश्न ऐकावा लागला: रायफल कुठली वापरतो तो? त्यामागोमाग चौकशा सुरू झाल्या त्या लांब पल्ल्याच्या बोल्ट ॲक्शन, म्हणजे कडी सरकवून काडतूस भरायच्या, रायफलींच्या. हजार मीटरवर मारणारी रायफल चांगली की नाही, हे ओळखायचं कसं? जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘पाऊण मिनिटाची हमी’. या एका ओळीमागे पावणेतीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो जाणून घेतल्याशिवाय ती ओळ नीट वाचताच येत नाही.

आधी मिनिट म्हणजे काय ते पाहू. इथे मिनिट वेळेचं नाही, कोनाचं. एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक मिनिट. १०० मीटरवर तो सुमारे २.९ सेंटीमीटर भरतो, १,००० मीटरवर २९ सेंटीमीटर. कुसाळेच्या ५० मीटरच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे साधारण पाऊण मिनिटाचंच. ज्यांनी कॉलेजात एनसीसी केली त्यांना यातली मुख्य गोष्ट ठाऊक आहे. पॉइंट टू टू रायफलीतून २५ यार्डांवर पाच गोळ्या झाडायच्या आणि मग उस्ताद टार्गेटवर पट्टी लावून ग्रुप, म्हणजे भोकांच्या घोळक्याची रुंदी, मोजणार. जाहिरातीतली हमी असते ती याच रुंदीची. गोळ्या मध्यावर लागल्या का, हा प्रश्न नंतरचा. आधी त्या एकमेकींच्या जवळ लागल्या का, हे पाहायचं. मध्य साईट फिरवून साधता येतो, विखुरलेपण साईटनं जात नाही.

विखुरलेपण कुणाचं, हा खरा पेच. रायफलीचं, काडतुसाचं, वाऱ्याचं, की खांद्याला दस्ता टेकवून श्वास धरणाऱ्या माणसाचं? रायफल पारखण्याचा सगळा इतिहास हे चौघे एकमेकांपासून वेगळे करण्याच्या खटपटीचा आहे.

खटपटीची सुरुवात बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञापासून धरावी. १७४२ मध्ये त्यानं गोळीचा वेग मोजायला टांगता लंबक वापरला. गोळी लंबकाच्या लाकडात रुतते, लंबक मागे झुलतो, आणि झोका किती गेला यावरून वेग काढता येतो. हवा गोळीला किती जबरदस्त अडवते हे त्या मोजमापातून पहिल्यांदा नीट उघड झालं. नळीत पिळदार खाचा असल्या तर गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि भरकटत नाही, हेही त्यानं शास्त्र म्हणून मांडलं. ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला किल्ल्यांच्या कामासाठी हिंदुस्थानात आणलं आणि १७५१ मध्ये तो कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. आधुनिक गोळीशास्त्राचा पाया घालणारा माणूस याच मातीत मिसळला, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

शंभर वर्षांनी हा धागा थेट मुंबईशी जुळतो. मुंबई इलाख्याच्या फौजेतला तोफखान्याचा अधिकारी जॉन जेकब सिंधच्या सरहद्दीवर, पुढे त्याच्याच नावानं ओळखल्या गेलेल्या जेकबाबादला, वर्षानुवर्षं रायफलींचे प्रयोग करत बसला होता. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत असे. वाळवंटात जागेची वानवा नव्हती, त्यामुळे त्याला अंतराची मर्यादा अशी नव्हतीच. चार खाचांची जोडनळीची रायफल त्यानं बनवून घेतली आणि तिच्या साईटवर २,००० यार्डांपर्यंतच्या खुणा आखल्या. ती बोल्ट ॲक्शन नव्हती, दारू-गोळी नळीच्या तोंडातून भरावी लागे. माझ्या लेखी मात्र लांब पल्ल्याचा नाद या इलाख्यात पहिल्यांदा लागला तो या माणसाला. १८५८ मध्ये तो जेकबाबादलाच वारला.

त्याच सुमारास इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ कामाला लागला होता. मुंबईतल्या कुठल्याही जुन्या फिटरला हे नाव परकं नाही. गिरणीच्या वर्कशॉपमधले व्हिटवर्थ आटे ते याच व्हिटवर्थचे, त्यानं १८४१ मध्ये ठरवून दिलेल्या मापाचे. सरकारनं त्याला रायफल सुधारायला सांगितलं, तेव्हा हा यंत्रकार पहिल्याच प्रश्नावर अडून बसला: मोजल्याशिवाय सुधारणार काय? त्यानं षट्कोनी पोकळीची, .४५१ इंची नळी घडवली. १८५७ च्या चाचणीत ५०० यार्डांवर तिच्या गोळ्या मध्यापासून सरासरी ०.३७ फुटांवर पडल्या, म्हणजे ११ सेंटीमीटर. सैन्याच्या एनफिल्डच्या पडल्या २.२४ फुटांवर, म्हणजे ६८ सेंटीमीटर. हीच ती एनफिल्ड, जिच्या चरबीच्या काडतुसांवरून त्याच वर्षी आपल्याकडे भडका उडाला. व्हिटवर्थची रायफल महाग होती आणि तिच्या बारीक नळीत दारूची काजळी लवकर साचे, म्हणून सैन्यानं ती नाकारली.

पण इथे रायफलीपेक्षा मोजण्याची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रत्येक गोळीची खूण मध्यापासून किती लांब, हे मोजून त्याची सरासरी काढली होती. पाडलेल्या प्रत्येक भोकाला त्यात मत होतं. १८६० मध्ये विम्बल्डनला नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या स्पर्धेत राणी व्हिक्टोरियानं पहिली गोळी झाडली, तीही व्हिटवर्थच्याच रायफलीतून. रायफल लोखंडी आधारावर आवळलेली होती, राणीनं फक्त दोरी ओढली, आणि ४०० यार्डांवर गोळी मध्याच्या दीडेक इंचात लागली. खांदा, श्वास, बोट, सगळं वगळून उरली निव्वळ रायफल.

आता बोल्टकडे येऊ. दाराची कडी सरकवून दांडी खाली पाडावी, तसा हा प्रकार. जर्मनीत ड्रायझेची सुईची बंदूक प्रशियानं १८४१ मध्ये स्वीकारली आणि ही कडी युद्धात आली. पॉल माउझरनं १८९८ च्या रायफलीपर्यंत तिला असं रूप दिलं की आजच्या बहुतेक रायफली त्याच घराण्यातल्या. बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन भक्कम खुंट्या असतात, त्या चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेला, लागून अडकतात, आणि स्फोटाचा धक्का तिथल्या तिथे पेलला जातो. जेम्स पॅरिस लीनं खुंट्या मागे ठेवल्या. त्या रचनेवर उभी राहिलेली ली-एनफिल्ड म्हणजे आपली थ्री नॉट थ्री. पश्चिम बंगालच्या इशापूर कारखान्यात ती दशकानुदशकं बनली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती होती ती हीच जात. त्या रात्रीनंतर तिला ‘भंगार’ म्हणण्याची पद्धत पडली. ते शब्द मला आजही लागतात. शेकडो यार्डांवर एकेक गोळी नेमानं मारायला घडवलेली रायफल स्वयंचलित बंदुकांसमोर फलाटावर उभी केली गेली, आणि ती हातात घेऊन जे उभे राहिले त्यांनी त्यांच्या बाजूनं काही कमी केलं नाही.

या थ्री नॉट थ्रीनं पारखणाऱ्यांना एक फार मोठा धडा दिला. खुंट्या मागे असल्यानं गोळी सुटताना रायफल थोडी वाकते आणि नळी वरखाली थरथरते. मंद गोळी नळीतून जराशी उशिरा निघते, तेव्हा नळीचं तोंड किंचित वर उचललेलं असतं. मंद गोळी वाटेत जास्त खाली येणार, पण ती निघालेलीच वरच्या दिशेनं. परिणामी जवळच्या अंतरावर साधारण ग्रुप देणारी ली-एनफिल्ड ८००-९०० यार्डांवर पक्क्या बांध्याच्या माउझरना भारी पडू शके. इंग्लंडातल्या बिस्लीच्या मैदानावरच्या नेमबाजांना हे पाठ होतं. १०० यार्डांचा ग्रुप मोजून त्याला दहानं गुणलं की १,००० यार्डांचं उत्तर मिळतं, ही समजूत तिथेच मोडते.

लांब पल्ल्याची स्पर्धा मात्र अमेरिकेत रंगली. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला आयर्लंड आणि अमेरिका ८००, ९०० आणि १,००० यार्डांवर भिडले. आयरिश संघाकडे तोंडातून भरायच्या रिग्बी, अमेरिकनांकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स. एका आयरिश नेमबाजानं अचूक मध्य साधला, पण शेजारच्या टार्गेटचा. अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ अशी जिंकली. तीन गुणांच्या फरकानं मागून भरायचं तंत्र श्रेष्ठ ठरलं असं तेव्हा जाहीर झालं. चुकीच्या टार्गेटवर लागलेली ती गोळी धरली असती तर निकाल फिरला असता. रायफलीचा निवाडा माणसाच्या चुकीवर लागला तो असा.

दोन्ही महायुद्धांत अचूक रायफल घडवत नसत, निवडत असत. कारखान्यातून हजारो बाहेर पडायच्या, त्यातल्या ज्या नशिबानं चांगल्या मारत त्या बाजूला काढायच्या. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे अशाच निवडक ली-एनफिल्ड दुर्बीण बसवायला जात. रेमिंग्टन ७०० आली १९६२ मध्ये. तिचं गोल रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो भाग, लेथवर सोपं आणि सरळ बनतं, आणि आजही कित्येक उत्पादक त्याच मापात भाग काढतात. अमेरिकी मरीन्सनी १९६६ मध्ये तिचीच एम ४० केली, आणि व्हिएतनामच्या दमट हवेनं लाकडी दस्ता फुगवला. पावसाळ्यात चाळीतलं दार चौकटीत अडकतं, तसाच दस्ता नळीला जाऊन टेकायचा आणि नेम सरकायचा. मुंबईकराला हे वेगळं समजवावं लागत नाही. त्यावर जालीम उपाय सापडला तो एका ऑलिंपिक विजेत्याला. १९८४ आणि १९८८ ची सुवर्णपदकं जिंकणाऱ्या माल्कम कूपरच्या कंपनीनं सगळी यंत्रणा ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर बसवली, वरून प्लॅस्टिकचं कवच चढवलं. ब्रिटिश सैन्यानं ती एल ९६ म्हणून घेतली. आज दुकानात ‘चॅसिस’ म्हणून जे मिळतं, त्याचं मूळ तिथे आहे.

रायफली इतक्या सुधारल्या, आणि मोजणं मात्र मागे गेलं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. जाहिरातींनी तीन गोळ्यांचा ग्रुप रूढ केला: सर्वांत लांबच्या दोन भोकांतलं अंतर मोजायचं, बाकी सोडून द्यायचं. एखाद्या रायफलीचा तीन गोळ्यांचा सरासरी ग्रुप एक इंच असेल, तर तिचाच दहा गोळ्यांचा ग्रुप दीड इंचाच्या पुढे जातो. रायफल बिघडलेली नसते, तीन गोळ्यांनी तिचं खरं विखुरलेपण दाखवलेलंच नसतं. त्यातून तीन-तीनचे दहा ग्रुप झाडून सर्वांत सुंदर तो फोनवर टिपला की ‘पाऊण मिनिट’ कुणालाही सिद्ध करता येतं. व्हिटवर्थच्या चाचणीत ही सोय नव्हती.

लांब पल्ल्यावर तर कागदावरचा ग्रुप अर्धीच गोष्ट सांगतो. २००७ मध्ये आलेलं ६.५ क्रीडमूर काडतूस, ज्याच्या नावात ते जुनं मैदान आजही आहे, गाजलं ते सडपातळ गोळीमुळे. ती हवा कापत जाते, तरी ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा तिला १,००० मीटरवर दोन मीटरहून अधिक ढकलतो. दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला नऊ-दहा मीटरचा फरक पडला तर गोळी वीतभर वर किंवा खाली लागते, आणि १०० मीटरवर हा फरक डोळ्याला दिसतही नाही. म्हणून जाणकार वेगाच्या नोंदी मागतो, नळी तापल्यावरचा ग्रुप मागतो, दुर्बिणीचे क्लिक फिरवून परत आणल्यावर नेम जागेवर येतो का ते बघतो.

मुंबईत हे सगळं करून पाहायची सोय सामान्य नेमबाजाला नाही. थ्री नॉट थ्री आणि ७.६२ ही सैन्या-पोलिसांची काडतुसं साध्या परवान्यावर मिळत नाहीत, म्हणून ली-एनफिल्डच्याच यंत्रणेवर .३१५ ची नागरी रायफल निघाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर, मूळचे संगमेश्वराकडच्या मावळंग्याचे, १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचे संस्थापक अध्यक्ष झाले, पण आपला खेळ वाढला तो १० आणि ५० मीटरवर. अंजली भागवत, सुमा शिरूर, २०१० ची जगज्जेती तेजस्विनी सावंत, सगळ्या याच अंतरांवर घडल्या.

आणि नेमकं याच ५० मीटरच्या जगात जुनी शिस्त टिकली आहे. वरच्या दर्जाचा नेमबाज पॉइंट टू टू ची काडतुसं खोक्यावरचं नाव वाचून घेत नाही. रायफल घेऊन तो युरोपात काडतुसांच्या कारखान्याच्या बोगद्यात जातो. दस्ता उतरवून नळी यंत्रात आवळतात, आणि एकेका लॉटच्या, म्हणजे एका खेपेत भरलेल्या काडतुसांच्या, दहा-दहा गोळ्या झाडतात. मग दहाचे चार ग्रुप एकावर एक ठेवून चाळीस भोकांची एकच आकृती काढतात. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे, शेजारच्या दिवशी भरलेले दोन लॉट त्याच नळीतून वेगळे मारतात, ते त्या आकृतीत दिसतं. ज्याची चाळीसही भोकं दहाच्या वर्तुळात बसली, त्या लॉटची हजारो काडतुसं तो तिथेच राखून ठेवतो.